चित्राखालची रेघ

सोमवार, ६ जानेवारी

किटली म्हणजे कमान. कंगवा म्हणजे कमान. मीसुद्धा कमान!

प्रतीक्षा मॅडम एकेक कार्ड पुढं करत होत्या आणि बाबा प्रत्येकाला तेच नाव देत होते. अगदी मनापासून, मान हलवून. मॅडमनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "आणि या कोण?" — "कमान."

दिवाळीच्या तोंडावर बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाय बराचसा परत आलाय. बोलण्यातला हा एकच शब्द आलाय. बाबा पेंटर. उभा जन्म दुकानांचे बोर्ड, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांच्या पाट्या, जयंतीच्या कमानी रंगवण्यात गेला. पण हजार शब्द रंगवले, त्यातला हाच का उरला? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "असं होतं कधीकधी." हे काय उत्तर झालं!

मॅडम मात्र उत्तर देतात. वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, सोमवारी आणि गुरुवारी स्कूटीवरून येतात. त्या बोलणं परत शिकवतात. म्हणाल्या, "चित्र आणि शब्द एकत्र दिले की मेंदू ती गोष्ट दोन जागी ठेवतो. एका जागेची वाट बुजली तर दुसरीकडून जाता येतं." मला एकदम पटलं. आम्हीही लॅबमध्ये अवघड पेशंटचं रक्त दोन नळ्यांत घेतो. एक गोठली तर दुसरी असते.

कार्डं मात्र कुठल्या मुलखातली देव जाणे. एकावर बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर! सोलापुरात बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं. बाबांनी त्या कार्डाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत सगळं बोलून झालं.

मंगळवार, ७ जानेवारी

नागूआत्या मंद्रूपहून आली. कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि एक पिशवी भरून सल्ले. मी लॅबला जाते तेव्हा बाबांपाशी कुणी नको का? पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाली, "किती वाळलाय गं धोंडू! खायला घालतीस का नुसती चित्रंच दावतीस?"

गुरुवार, ९ जानेवारी

स्वतःची कार्डं केली. आमचाच नळ, आमचीच किटली, बाबांची कानटोपी, अंगणातला शेवगा. मोबाइलवर फोटो काढले, लॅबच्या प्रिंटरवर छापले (साहेबांना विचारून). तीन गठ्ठे केले — एकात नुसतं चित्र, एकात नुसता शब्द, एकात दोन्ही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशामुळं झालं ते कळणार कसं?

नुसतं चित्र — कमान.

नुसता शब्द — बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, 'ळ'च्या पोटावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. कॉम्प्युटरची अक्षरं! फ्लेक्स आले तेव्हापासून त्यांनी या अक्षरांना नावं ठेवली. आता सगळी नावं गेली तरी नाक मुरडायचं काही विसरले नाहीत. मला इतकं हसू आलं की आत्यानं आतून विचारलं, काय झालं.

चित्र आणि शब्द दोन्ही — चहाच्या कपावर थांबले. ओठ जुळवले. "च—" एवढंच आलं. मग परत कमान. पण 'च' आला! खरंच आला. मॅडमना लगेच फोन केला, त्या आमच्याकडंच यायला स्कूटीवर होत्या, तरी थांबून ऐकलं.

रविवार, १२ जानेवारी

सतीशचा फोन. माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. त्यानं तिकडं एक केंद्र बघितलंय, अशा पेशंटसाठी. रात्रंदिवस नर्स, व्यायाम, स्वच्छता, बाग. "ताई, तू दिवसभर लॅबमध्ये. आत्या किती दिवस राहणार? तिचं तिलाच होत नाही."

मी म्हटलं, बाबांना घर सोडून करमेल का?

"त्यांना कुठं काय कळतंय, घर कुठलं आणि बाग कुठली. कुणाला ओळखत नाहीत. तुला तरी ओळखतात का?"

"ओळखतात की!" फाडकन बोलले.

फोन ठेवल्यावर विचार करत बसले. कशावरून? माझ्या हातून जेवतात. आत्याच्या हातूनही जेवतात. मला बघून हसतात. दूधवाल्यालाही बघून हसतात. लॅबमध्ये कुणी असा रिपोर्ट आणला तर मी सही करेन का? नाही करणार.

सतीश वाईट नाही. तोच खर्च करायला तयार आहे, तोच धडपडतोय. आणि बाबांना मी कोण तेच माहीत नसेल, तर कुणाच्या हातून जेवतात यानं त्यांना काय फरक पडतो? मग मी हट्ट कुणासाठी धरलाय — त्यांच्यासाठी की माझ्यासाठी?

हे एवढं मला कळलं पाहिजे. बाकी शब्द आले नाहीत तरी चालतील.

मंगळवार, १४ जानेवारी

शेजारच्या काशम्मा तीळगूळ घेऊन आल्या. आत्यानं वाटी बाबांपुढं धरली. बाबांनी एक उचलला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आक्का."

लख्ख! कसलं कार्ड नाही, काही नाही. लहानपणापासून आत्याला ते आक्काच म्हणतात. आत्या डोळ्याला पदर लावून रडली. काशम्माही रडल्या. मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं हे इथं लिहायला हरकत नाही. मी त्यांच्या पुढ्यात बसून दोनदा विचारलं, "बाबा, आणि मी?"

तीळगूळ चघळत राहिले.

हेवा वाटला. सत्तरीच्या आत्याचा! काय माणूस आहे मी.

रविवार, १९ जानेवारी

बाबांना रिक्षात घालून भवानी पेठेत नेलं. मनात असं होतं, की कार्डावरचे शब्द माझे आहेत. बोर्डांवरचे शब्द त्यांचे आहेत. चित्र आणि शब्द एकत्र — अहो, हाच तर त्यांचा धंदा! चपलेच्या दुकानावर चप्पल काढायची आणि खाली नाव. डोळ्यांच्या डॉक्टरवर चष्मा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळलं पाहिजे, असं म्हणायचे.

निम्मे बोर्ड गेलेत. जिथं तिथं फ्लेक्स, त्यावर मालकाचा फोटो. रिक्षावाला भला होता, हळूहळू नेत होता. मशिदीच्या पुढच्या बोळात पिठाच्या गिरणीचा बोर्ड अजून आहे — पांढऱ्या पिठाची रास, वर लाल अक्षरं. रंग पार उडालाय. बाबा एकदम ताठ झाले. डावा हात रिक्षाबाहेर काढून हवेत असा फिरवला, उजवीकडून डावीकडं, आणि म्हणाले, "गिरणी."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, ऐकलं ना तुम्ही? तो म्हणाला, "सुना ना, गिरणी बोले काका." साक्षीदार पाहिजेच.

खाली उतरून सही बघितली. आहे. उजव्या कोपऱ्यात, तिरकी, बारीक — धोंडिराम. लहानपणापासूनची सवय, बाबांचा बोर्ड दिसला की आधी कोपरा बघायचा. कारण सही सगळीकडं नसते. बोर्ड झाला की ते नुसते निघून यायचे. दुसऱ्या दिवशी, रंग वाळल्यावर, परत जायचे, रस्त्याच्या पलीकडून बघायचे आणि मनासारखा उतरला असेल तरच सही. नसेल तर नाही, मालकानं कितीही गयावया केली तरी. आई करवादायची — "अहो, नाव नाही टाकलं तर पुढचं गिऱ्हाईक येणार कुठून?" बाबा म्हणायचे, "आवडलं नाही त्याच्याखाली माझं नाव कशाला?"

पुढं एका टेलरचा बोर्ड लागला, त्यांचाच. तिथं काही बोलले नाहीत. सहीही नव्हती.

घरी येऊन गिरणीच्या बोर्डाचा फोटो दाखवला. कमान.

म्हणजे जागेवर जमतं, कार्डावर जमत नाही. का? हात हलवला म्हणून? की गिरणीचा वास आला म्हणून?

मंगळवार, २१ जानेवारी

कार्डं घेऊन बसले होते. आत्या लसूण सोलता सोलता बघत होती. मधेच म्हणाली, "सगळं तूच लिवून ठिवलंस तर त्यो काय करल? त्याला काय उरलंच न्हाय की. पेंटर हाय त्यो, गिऱ्हाईक न्हाय."

लसणाची पाकळी तोंडात टाकून परत आपल्या कामाला लागली. मी मात्र हातातली कार्डं खाली ठेवली.

गुरुवार, २३ जानेवारी

आज केलं. मोठा कागद, वर नळाचा फोटो चिकटवला, खाली शब्द नाही. नुसती आडवी रेघ. बाबांच्या हातात ब्रश आणि वाटीत निळा रंग. नशीब, बाबा डावखुरे! उजवी बाजू गेली तरी कामाचा हात शाबूत आहे, हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडमही होत्या. बाबांनी ब्रश धरला — आणि तो कसा धरला! बोटांना काहीसुद्धा झालेलं नाही. फोटोकडं बघितलं. मग रेघेच्या पार उजव्या टोकाला गेले आणि लिहिलं — ळ.

सुंदर ळ. पण ळ!

मॅडमनी कागद हलकेच काढून घेतला. "पहिलं अक्षर चुकलं, काका, पण प्रयत्न छान आहे. परत करू या. न... न..."

बाबांनी ब्रश फेकला. रंग भिंतीवर उडाला. इतकं चिडलेलं त्यांना आजारपणात पहिल्यांदाच बघितलं. "कमान! कमान! कमान!" ओरडत राहिले. मॅडम बिचाऱ्या घाबरल्या. मीही त्यांच्यावर चिडले, म्हणजे बाबांवर. एवढं काय झालं रागवायला?

शुक्रवार, २४ जानेवारी

बाबा तोंड फिरवून झोपून होते. कार्डं कपाटात टाकली. सतीशला मेसेज केला, ते केंद्र बघायला कधी येऊ?

रविवार, २६ जानेवारी

भांडी अर्धी टाकून आधी हे लिहायला बसले. आनंदानं!

सुट्टी. झेंडावंदनाचा लाउडस्पीकर. आत्यानं बाबांना ओट्यावर उन्हात बसवलं होतं आणि हाताला चाळा म्हणून ब्रश आणि पाण्याची वाटी दिली होती. ("बसू दे खेळत.") मी आत भांडी घासत होते. बाहेर येऊन बघते तर शहाबादी फरशीवर पाण्यानं अक्षर काढलेलं — ळ. आणि त्याच्या डावीकडं ब्रश चालू होता. मी दारातच उभी राहिले. ळच्या आधी, डाव्या अंगाला, न उतरत होता.

नळ!

गुरुवारचा अर्धा राहिलेला शब्द पुरा करत होते. आम्ही हातातून ओढून घेतलेला.

आणि एकदम आठवलं. अहो, मला माहीत होतं हे! मी आणि सतीश लहानपणी शिडीच्या पायाशी बसायचो आणि पैज लावायचो, कुठलं दुकान असेल. कारण बाबा बोर्ड शेवटाकडून रंगवायचे. डावखुऱ्या माणसानं डावीकडून लिहीत गेलं तर ओल्या रंगावरून त्याचंच मनगट फिरतं, सगळ्याचा फराटा होतो. म्हणून ते जागा मोजून, खडूनं खुणा करून, शेवटचं अक्षर आधी टाकायचे आणि मागं मागं येत पहिल्यावर संपवायचे. सतीश 'स' दिसला की ओरडायचा — सायकल! मी म्हणायची, वेड्या, 'स' शेवटी आहे, ज्यूसचं दुकान आहे ते.

इतकं बघितलेलं, आणि साफ विसरले. स्मरणशक्तीवर प्रयोग कोण करतंय बघा! गिरणीपाशी हवेत हात उजवीकडून फिरला तो मी इथंच लिहूनसुद्धा ठेवलाय, आणि डोळ्यांत काही शिरलं नाही.

पाणी वाळत चाललं होतं. बाबांनी न पुरा केला, ब्रश ठेवला, मग अक्षरांवर बोट धरलं आणि या वेळी डावीकडून उजवीकडं नेत, सावकाश — "न... नळ."

मी नळ सोडायला धावले! का ते मलाही सांगता येणार नाही. पाणी आलेलं नव्हतं.

सोमवार, २७ जानेवारी

मॅडमना फरशीवर सगळं करून दाखवलं. तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. "मी पहिलं अक्षर बघितलं आणि चूक म्हणून रिकामी झाले. आम्ही सगळे शब्दाचं पहिलं अक्षरच पुढं करतो, तसंच शिकवलंय." मग स्वतःच ब्रश मागून घेतला आणि उजवीकडून 'प्रतीक्षा' लिहून बघितलं. 'क्षा' फारच मोठा झाला, 'प्र'ला जागा उरली नाही. बाबा हसले. पोट हलवून हसले. त्या दोघांचं आता जमलं.

जाताना मला म्हणाल्या, "आता फक्त एकच करा. मधे बोलू नका." मला हे सांगणं म्हणजे फार झालं! पण हात मांडीखाली दाबून बसते आता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

या आठवड्यात एकेक गोष्ट बदलून बघितली.

छापलेली रेघ दिली — नाही. स्केलपट्टीनं काढून दिली — लिहितात, पण रडतखडत. मग आत्या म्हणाली, धोंडू सूत मारायचा न्हवं का? मारायचेच. दोरा निळीत बुडवायचा, दोन्ही टोकं ताणून भिंतीवर धरायचा, मधे चिमटीत उचलून सोडायचा. टण्! सरळ निळी रेघ उठते. मग अक्षरं त्या रेघेला खालून टांगायची.

आतल्या खोलीची भिंत दिली त्यांना. ("भिंत खराब हुईल की!" — आत्या. होऊ दे.) एक टोक मी धरते, एक बाबा, आणि चिमूट ते सोडतात. तो आवाज झाला की त्यांचं तोंडच बदलतं. वर फोटो चिकटवायचा आणि बाजूला व्हायचं. किटली आली. कानटोपी आली. शेवगा आला, त्याला तर शेंगासुद्धा काढल्या.

फोटो नसताना नुसती रेघ दिली तर ब्रश धरून बसून राहतात. रेघ नसताना नुसता फोटो दिला तर कमान. दोन्ही लागतं. मॅडमचं दोन जागांचं म्हणणं बरोबरच होतं, फक्त बाबांची दुसरी जागा हातात निघाली. हात लिहितो, डोळे वाचतात, आणि मग तोंड मागून येतं, सावकाश, आमच्या लॅबच्या शिपायासारखं. पण येतं!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लॅबमधून आले तर बाबा ओट्यावरून ओरडले, "चहा!"

फोटो नाही, रेघ नाही, ब्रश नाही. नुसता चहा पाहिजे होता म्हणून! आत्या म्हणाली, "दुपारधरनं तिसऱ्यांदा मागतोय. तू म्हणतीस बरा व्हायला लागला, मला तर आता लई ताप झालाय."

चहात साखर जरा जास्तच टाकली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, वस्तू पुष्कळ झाल्या, आता माणसांचे फोटो लावा.

हो म्हटलं. फोटो काढूनही ठेवला, माझा, गेल्या जयंतीचा, पांढऱ्या साडीतला. आणि उशीखाली घालून ठेवला. सतीश रविवारी येतोय. केंद्रात जागा झालीय, अर्ज भरायचाय.

आत्यानं बघितलं. "लाव की तुझा फोटू. भ्यातीस कशाला?"

भिते. सरळ लिहिते, भिते. नळाला नळ म्हणाले नाहीत तर उद्या म्हणतील. माझ्या फोटोखाली शेवगा लिहिलं तर मी काय करू? आत्तापर्यंत म्हणता तरी येतं की शब्द सापडत नाही. शब्द सापडायला लागल्यावरही मी सापडले नाही, तर?

"आत्या, तुला आक्का म्हणाले ना गं, तुला काय कळायचं."

"व्हय बाई," म्हणाली आणि माझ्या डोक्याला तेल लावत बसली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आधी सतीशचा फोटो लावला. भित्रेपणा, दुसरं काय. सूत मारलं. टण्. बाबांनी बघितलं न बघितलंसं केलं आणि उजव्या टोकाला — श. मग ती. मग स. बोट फिरवलं — "सतीश." आणि वर आणखी — "सत्या!"

काय आनंद झाला त्यांना! मला म्हणजे मलाही झालाच. माणसं शिल्लक आहेत आत, हे कळलं. सतीशला व्हिडिओ पाठवला. त्यानं फोन केला आणि नुसता नाक ओढत राहिला.

माझा फोटो उद्या. तो आल्यावर. जे काय व्हायचं ते त्याच्यासमोर होऊ दे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सतीश आला. बाबांनी "सत्या" म्हणून हात धरला. तो लहान मुलासारखा त्यांच्या पायाशी बसला.

मग मी सतीशच्या फोटोशेजारी माझा फोटो भिंतीला लावला. धम्मप्रिया — अवघड नाव, जोडाक्षरं, जागा पुष्कळ लागेल म्हणून दोरा लांब घेतला. टण्. मागं सरकले. हात मांडीखाली.

बाबांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. ब्रश रंगात बुडवला, रेघेच्या उजव्या टोकापाशी नेला. मी मनात 'या' म्हणत होते. या, या, या.

ब्रश वाटीत परत ठेवला. उठले, भिंतीपासून लांब गेले, दाराला टेकून उभे राहिले. तिथून बघत राहिले. मग ओट्यावर जाऊन बसले.

सतीश म्हणाला, "राहू दे, ताई. आज दमलेत ते." मी म्हटलं, हो, दमलेत. चहा करायला आत गेले. पातेलं घेऊन रडले.

जेवताना सतीशनं अर्ज काढला नाही. निघताना चपला घालत म्हणाला, "पुढच्या रविवारी त्यांना न्यायला गाडी घेऊन येतो. तुला जड जाईल, पण त्यांना नाही जाणार." बरोबरच आहे त्याचं. मी मान हलवली. आत्या माझ्याशी बोलत नाही.

फोटो काढून टाकायचं धैर्य झालं नाही. आहे तसाच भिंतीवर.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी आतल्या खोलीत आवाज झाला म्हणून गेले. बाबा भिंतीशी उभे होते, पाठ माझ्याकडं. रेघ कोरीच होती. ब्रश तिच्यापाशी नव्हताच. तो खाली होता, माझ्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात. म आला. माझ्या नावाच्या शेवटी म नाही. बोलू नको, म्हटलं स्वतःला. मग रा. मग डि. मग धों.

बारीक, तिरकं.

सतीशचा फोटो वाकून बघितला. तिथं नाही. (दोनदा बघितला!)

मग त्याला फोन लावला. गाडी आणू नकोस, म्हटलं. बाबांनी सही केलीय.

"सही? कशावर?"

"माझ्यावर."